पाटीची मागची बाजू

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये केलेले भाषण)



बाक तेच आहेत, आपण मात्र त्यांच्या मापाचे राहिलो नाही. त्यामुळे लवकर आवरतं घेतो.

संयोजकांनी मला 'अमेरिका प्रवासाचे अनुभव' असा विषय दिला. मी विचारलं, मीच का? तर उत्तर आलं, "ग्रुपवर सगळ्यात जास्त फोटो तुझेच होते." खरं आहे. गेल्या एप्रिल-मेमध्ये मी आणि आमची मंडळी सहा आठवडे कॅलिफोर्नियात लेकीकडे होतो. तिथली रात्र म्हणजे आपल्याकडची सकाळ. त्यामुळे दात घासायच्या आधी तुम्हाला माझे फोटो बघावे लागत होते. त्यातला एक फोटो काहींना आठवत असेल. मी, ही आणि लेक तिघं उभे, मागं मोठी पांढरी पाटी. खाली मी लिहिलं होतं, 'लेकीसोबत सिलिकॉन व्हॅलीत. कष्टाचं चीज झालं.' त्यावर ४१ अंगठे आले. मी मोजले होते.

आज मला त्या एका फोटोबद्दल बोलायचं आहे. कारण फोटो खरा असला, तरी खाली लिहिलेलं त्या दिवशी खरं नव्हतं.

पण ते सांगायचं तर सुरुवात किर्लोस्करवाडीपासून करायला हवी.

डिसेंबर १९८१. आपण नववीत होतो. विज्ञानाच्या सरांनी आपली एक दिवसाची सहल किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नेली होती. एसटीची लाल गाडी, डब्यात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. पंपांची ओतशाळा बघताना आपल्यातल्या एकानं काळी माती स्वतःच्या मिशीच्या जागी फासली आणि सरांचा मार खाल्ला. तो आज दुसऱ्या रांगेत बसलाय. आता त्याला खऱ्या मिशा आहेत आणि त्या काळ्या ठेवायला त्याला रंग लावावा लागतो.

कारखाना बघून आपण बाहेर आलो आणि सरांनी आपल्याला झाडाखाली बसवलं. म्हणाले, "इमारत काय, कुणीही बघतं. आधी इथं काय होतं, ते सांगा." कुणालाच सांगता येईना. मग सरांनी सांगितलं. तिथं माळरान होतं आणि निवडुंग होता. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची ती जागा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली, कारण बेळगावातली त्यांची कारखान्याची जागा नगरपालिकेनं काढून घेतली होती. सर थांबले नाहीत. त्याच्या आधी बेळगावात सायकलचं दुकान. त्याच्या आधी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिक्षकाची नोकरी, आणि तिथं हक्काची बढती दुसऱ्याला दिली म्हणून ती सोडलेली. त्याच्याही आधी चित्रकलेचं शिक्षण, आणि रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सोडलेलं. लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते या समजुतीनं शेतकरी तो दोन वर्षं घेईनात.

दुसऱ्या दिवशी सरांनी सहलीवर निबंध लिहायला लावला. मी एका ओळीत उत्तर दिलं होतं, 'कारखान्याच्या आधी तेथे माळरान होते.' सरांनी लाल शाईनं खाली लिहिलं, 'आणि त्याच्या आधी?' गुण दहापैकी चार. ती वही राहिली नाही, पण तो लाल प्रश्न डोक्यात राहिला. वीज मंडळात नोकरीला लागलो, तेव्हाही नव्या उपकेंद्रावर गेलो की आधी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारायचो, आजोबा, इथं पूर्वी काय होतं?

आता कॅलिफोर्निया.

आमची धाकटी तिथं सनीवेल नावाच्या गावात राहते. इथून इंजिनिअर झाली, घरावर कर्ज काढून आम्ही तिला पुढच्या शिक्षणाला पाठवलं, तिथंच तिला सॉफ्टवेअरची नोकरी लागली. कंपनीचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, आणि आज मी ते घेणारही नाही. आम्ही जानेवारीत तिकिटं काढली. मी ऑफिसात अर्जित रजा मंजूर करून घेतली आणि एप्रिलमध्ये तीन किलो भडंग, मेतकूट आणि आपल्या सांगलीची हळद घेऊन उतरलो.

तुम्हाला वाटेल, माझी सगळ्यात मोठी इच्छा गोल्डन गेट पूल बघायची असेल. मला लेकीचं ऑफिस बघायचं होतं. ती कुठं बसते, खुर्ची कशी आहे, खिडकीतून काय दिसतं. मी शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या वडिलांनी माझं ऑफिस एकदाच बघितलं होतं. टेबलावर हात फिरवून म्हणाले होते, "लाकूड चांगलं आहे." मलाही तिच्या टेबलावर हात फिरवायचा होता.

पण ते काही जमेना. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, या आठवड्यात घरूनच काम आहे." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, "पाहुण्यांना आत सोडायचे नियम बदललेत." मी म्हटलं, असेल. रोज सकाळी ती खोलीचं दार लावून घ्यायची. आत तिचं बोलणं चालायचं. आम्ही बाहेर आवाज न करता चहा प्यायचो, लेकीचं काम चाललंय म्हणून.

ही माझ्यापेक्षा हुशार. चौथ्या दिवशी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अहो, एक विचारू? ही रोज नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देते. माझं नाव हे, माझं शिक्षण हे, मी अमुक काम केलं. ऑफिसातली माणसं हिला ओळखत नाहीत का?" मी म्हटलं, "अगं, मोठी कंपनी आहे. हजारो माणसं असतात." आणि मी पुढचा फोटो ग्रुपवर टाकला.

शनिवारी लेक म्हणाली, "बाबा, माझं ऑफिस राहू दे. मी तुम्हाला जगप्रसिद्ध कंपन्यांची मुख्य कार्यालयं दाखवते." मी एका पायावर तयार.

पहिली ॲपल, क्युपर्टिनोत. ती गोल इमारत तुम्ही चित्रात बघितली असेल, उडत्या तबकडीसारखी. आत सामान्य माणसाला प्रवेश नाही. समोर पाहुण्यांसाठी वेगळी इमारत आहे. तिथं संपूर्ण परिसराची धातूची प्रतिकृती ठेवलीय, आणि हातात आयपॅड धरला की त्यावर त्याच प्रतिकृतीत झाडं, छप्पर, आतले मजले दिसायला लागतात. गच्चीवर गेलं की झाडांच्या वरून त्या गोलाची जरा कड दिसते. पंढरपूरला कळसाचं दर्शन घेऊन परत फिरावं, तसं सगळे तेवढंच बघून खाली येतात आणि दुकानात खरेदी करतात.

मी लेकीला विचारलं, "आधी इथं काय होतं?" ती म्हणाली, "एचपी कंपनी, ह्युलेट-पॅकार्ड. तिचीच जागा ॲपलनं घेतली." मी म्हटलं, "आणि त्याच्या आधी?" तिनं फोनवर बघून सांगितलं, हे सगळं खोरं फळबागांचं होतं. जर्दाळू, चेरी, आलुबुखार. इथून सुकवलेली फळं जगभर जायची. ॲपलच्या आवारातही पुन्हा फळझाडं लावली आहेत. सनीवेलमध्ये लेकीच्या घरापासून गाडीनं थोड्या अंतरावर जर्दाळूची एक जुन्या पद्धतीची बाग राखून ठेवलीय. तिथली झाडं ओळीत बघून मला आपल्या तासगावच्या द्राक्षबागांची आठवण झाली. मनात आलं, चिपच्या कारखान्यांना जागा हवी म्हणून ज्यानं जर्दाळूची बाग विकली असेल, तो शेतकरी त्या रात्री जेवला असेल का?

दुसरं ठिकाण गुगल, माउंटन व्ह्यूमध्ये. तिथं आवारात बाहेरून फिरता येतं. रंगीत सायकली इकडून तिकडं चाललेल्या, आणि अंगणात चक्क डायनासोरचा सांगाडा उभा. अर्थात नकली, पण अंगावर येतो. माझा प्रश्न ठरलेलाच. लेक हसायला लागली. म्हणाली, "आधी इथं सिलिकॉन ग्राफिक्स होती. १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क' आला होता ना, त्यातले डायनासोर ज्या संगणकांवर तयार झाले, ते या कंपनीचे होते. त्या काळी इथल्या नोकरीसाठी माणसं जीव टाकायची. २००९ मध्ये दिवाळखोरीत निघाली." मी त्या सांगाड्याकडं परत एकदा बघितलं. तो तिथं दुसऱ्याच कारणानं उभा केलेला असणार. पण मला तो त्या जुन्या कंपनीचाच वाटायला लागला.

तिसरं ठिकाण मेन्लो पार्क. फेसबुक, म्हणजे आता मेटा. तिथं आत जाता येत नाही, पण रस्त्याच्या कोपऱ्यावर कंपनीची मोठी पाटी आहे आणि तिच्यापुढं फोटो काढायला माणसांची रांग लागते. आम्हीही रांगेत उभे राहिलो. पुढं एक चिनी कुटुंब होतं. आम्ही त्यांचा फोटो काढला, त्यांनी आमचा. तोच तो फोटो.

फोटो झाला आणि सवयीनं मी विचारलं, "आधी इथं काय होतं?"

लेक काही बोलली नाही. म्हणाली, "बाबा, या." आणि आम्हाला पाटीच्या मागं घेऊन गेली.

मागं कुणीही नव्हतं. ना रांग, ना फोटो. पाटीच्या मागच्या बाजूवर जुन्या, फिक्या अक्षरांत दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, सन मायक्रोसिस्टिम्स. १९८२ मध्ये, आपण नववीतून दहावीत गेलो त्या वर्षी, सुरू झालेली कंपनी. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म आपल्या पुण्यातला. जावा ही संगणकाची भाषा याच कंपनीत तयार झाली, आणि आमच्या लेकीनं कॉलेजात पहिला प्रोग्रॅम त्याच भाषेत लिहिला होता. २०१० मध्ये कंपनी ओरॅकलनं घेतली. पुढच्या वर्षी फेसबुक या आवारात आलं. त्यांनी पाटी नवी केली नाही, तीच उलटी फिरवून दुसऱ्या बाजूला आपलं नाव लावलं. जुनं नाव मागं मुद्दाम ठेवलंय, असं सांगतात. आपल्या माणसांनी बेफिकीर होऊ नये, म्हणून.

हे सगळं लेक मला सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. म्हणाली, "बाबा, माझी नोकरी गेलीय."

तुम्ही येण्याच्या १९ दिवस आधी, म्हणाली. सकाळी उठले तर मेल आलेला होता आणि लॅपटॉप बंद झालेला. ज्यांच्याबरोबर चार वर्षं काम केलं, त्यांचा निरोपही घेता आला नाही. तुमची तिकिटं काढलेली होती, तुम्ही केवढे खूश होतात, म्हणून सांगितलं नाही.

त्या वर्षी तिथं हजारो मुलांच्या नोकऱ्या गेल्या. आपण वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण आपल्या मुलांचं गणित त्यात आणखी अवघड असतं, ते मला त्या पाटीमागं समजलं. ती ज्या व्हिसावर होती, त्यात नोकरी गेल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं तिच्यासाठी अर्ज दाखल करायचा, नाहीतर देश सोडायची तयारी करायची. त्यातले २५ दिवस गेले होते. घर भाड्याचं, गाडीचे हप्ते चालू, आणि इकडं आपल्या घरावरचं कर्ज तीन वर्षं फिटायचं बाकी.

हिनं लेकीला जवळ घेतलं. एवढंच म्हणाली, "म्हणून रोज ओळख करून देत होतीस होय." आणि दोघी रडायला लागल्या.

मी काय केलं? मित्रांनो, मी खरं सांगायला उभा राहिलोय. माझ्या मनात पहिला विचार लेकीचा आला नाही. कर्जाचाही आला नाही. पहिला विचार आला, आता ग्रुपवर काय सांगायचं? आठवडाभर मी 'लेकीची कंपनी, लेकीची कंपनी' करत होतो. त्या रात्री जेवण झाल्यावर मी फोन हातात घेतला, पाटीच्या पुढच्या बाजूचा फोटो निवडला आणि खाली लिहिलं, 'कष्टाचं चीज झालं.' दुपारी पाटीची मागची बाजू बघून आलेला माणूस मी. सकाळी उठून अंगठे मोजले.

लेकीनं ते बघितलं. काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटली का?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही त्याचं चांगलं उत्तर माझ्याकडं नाही.

दोन दिवस घरात फार बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिची सकाळची मुलाखत झाल्यावर मीच म्हटलं, "चल, ती एचपी कंपनी जिथं सुरू झाली, ती जागा दाखव. त्याच्या आधीचं बघायचं राहिलंय."

पालो आल्टो नावाच्या गावात, ॲडिसन ॲव्हेन्यूवर, एक साधं घर आहे आणि त्याच्या मागं लाकडी गॅरेज. आपल्याकडं ट्रॅक्टरची शेड असते, त्यापेक्षाही लहान. आत जाता येत नाही, फुटपाथवरून बघायचं. १९३८ मध्ये बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड या दोन तरुणांनी इथं काम सुरू केलं. भांडवल ५३८ डॉलर. कंपनीच्या नावात कुणाचं आडनाव आधी, हे नाणं उडवून ठरवलं. त्यांचं पहिलं उपकरण आवाजाच्या चाचणीसाठी होतं, आणि त्याचे सुधारित आठ नग डिस्नेनं 'फँटेशिया' चित्रपटासाठी घेतले. ॲपलच्या गोल इमारतीच्या जागी आधी होती, ती हीच कंपनी.

त्या घरापुढं कॅलिफोर्निया सरकारनं एक फलक लावलाय. वर लिहिलंय, सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान. मी चष्मा लावून तो फलक वाचायला लागलो. मला वाटलं, पहिलं नाव ह्युलेटचं असणार. नव्हतं. पहिलं नाव फ्रेडरिक टर्मन यांचं आहे. टर्मन स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. शिकून झालं की पूर्वेकडच्या मोठ्या कंपन्यांत नोकरीला जाऊ नका, इथंच काहीतरी स्वतःचं सुरू करा, असं ते आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचे. त्यांचं ऐकणारे पहिले दोन विद्यार्थी म्हणजे ह्युलेट आणि पॅकार्ड. फलकावर मास्तर आधी आहेत आणि अब्जाधीश नंतर.

मी लेकीला तो फलक दाखवला आणि आपल्या सरांची गोष्ट सांगितली. किर्लोस्करवाडीचं झाड, दहापैकी चार गुण, लाल शाईतला प्रश्न. तिनं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. आम्ही तिला मार्कांच्या, फीच्या आणि शेजारच्या मुलांच्या गोष्टी सांगितल्या, ही राहूनच गेली. मी म्हटलं, "बाळ, लक्ष्मणरावांची बढती गेली नसती तर ते जन्मभर मुंबईत शिकवत राहिले असते. बेळगावची जागा गेली नसती तर किर्लोस्करवाडी झाली नसती. तुझं पुढं काय होईल, मला माहीत नाही. तू परत आलीस तर घर आहे. कर्जाचं मी बघतो. पण ग्रुपवर मी जे लिहिलं, त्याची मला लाज वाटते. तुझी नाही."

हे बोलायला मला तीन दिवस लागले. एखाद्या शहाण्या बापानं ते पाटीमागंच सांगितलं असतं.

तुम्हाला काळजी असेल म्हणून पुढचं थोडक्यात सांगतो. ४८ व्या दिवशी तिला एका लहान कंपनीचा होकार आला. पगार आधीपेक्षा कमी आहे. ५७ व्या दिवशी त्यांनी तिचा अर्ज दाखल केला. त्या संध्याकाळी हिनं पुरणपोळ्या केल्या आणि आम्ही त्यांचा एकही फोटो काढला नाही. निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं मला स्वयंपाकघरातलं टेबल दाखवलं. म्हणाली, "बाबा, नवीन कंपनीचं काम इथूनच करायचंय. हेच माझं ऑफिस." मी टेबलावर हात फिरवला. लाकूड काही खास नव्हतं.

मग हे आज तुम्हाला का सांगतोय? सगळं निभावलं होतं, गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

जूनमध्ये परत आल्यावर या मेळाव्याच्या तयारीसाठी मी आपल्या एका वर्गमित्राला फोन केला. तो आपल्या मागच्या मेळाव्याला आला नव्हता. नाव सांगत नाही. शाळेत असताना आपल्या सगळ्यांपेक्षा त्याचं गणित चांगलं होतं. मी म्हटलं, "या वेळी यायचंच हं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अरे, मी येऊन काय करू? तुमची पोरं अमेरिकेत, तुमचे बंगले. माझी गिरणी बंद पडून १२ वर्षं झाली. पोरगा रिक्षा चालवतो. तुझे फोटो बघतो मी रोज. छान असतात." टोमणा नव्हता त्यात. तो मनापासून म्हणाला, छान असतात. तेव्हा मला कळलं, मी पाटीची पुढची बाजू दाखवत होतो आणि ती बघून हा माणूस शाळेच्या दारातून मागं फिरत होता.

मी त्याला फोनवरच सगळं सांगितलं. नोकरी गेली ते, ६० दिवस, आणि तो फोटो मी कधी टाकला ते. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरगी बरी आहे ना आता?" त्या ४१ अंगठ्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कसा विचारणार? मी विचारायला जागाच ठेवली नव्हती. तो आज आलाय. त्यानं परवानगी दिली म्हणून हे सांगितलं.

आपल्या तुकडीत आपण ६४ जण होतो. सात जण आता नाहीत. आज ४३ आलेत. उरलेले १४ का आले नाहीत? काहींना खरंच जमलं नसेल. पण काही जण असे असतील, की ज्यांनी स्मरणिकेसाठीचा तो माहितीचा फॉर्म हातात घेतला, 'सध्याचे पद' आणि 'मुले काय करतात' हे रकाने वाचले आणि फॉर्म घडी घालून ठेवून दिला. संयोजकांना माझी विनंती आहे, पुढच्या वेळी ते दोन रकाने काढून टाका. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा, 'मधल्या वर्षांत काय काय झालं?' ज्याला जेवढं सांगावंसं वाटेल, तेवढं तो लिहील. आणि तोपर्यंत त्या १४ जणांना आपण एकेक फोन वाटून घेऊ. यादी मी आणलीय, चहाच्या टेबलावर ठेवतो. बोलावणं करायला नको, नुसती चौकशी करायला.

मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालयं बघून आलो, त्यातून मी एवढंच आणलंय.

सर, तुम्ही पुढच्या रांगेत बसलाय. मघाशी मी पाया पडलो तेव्हा तुम्ही मला ओळखलं नाही. साहजिक आहे, दहापैकी चार गुणवाला कुणाच्या लक्षात राहतो? पण तुमचा तो लाल शाईतला प्रश्न मी पार कॅलिफोर्नियापर्यंत नेला होता. तो मी सगळ्यांना विचारत हिंडलो. फक्त लेक घरात दार लावून बसली होती, तेव्हा दार वाजवून तिला विचारायचं राहिलं. निबंध अजून अपुरा आहे. दोन गुण वाढवून दिलेत तर पुरेत.

वेळ संपल्याची खूण केव्हाची चाललीय.